सुनांची कबड्डी आणि एक सोयरीक

शनिवारी जयश्रीचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, चढाईत पटाईत. गेल्या वर्षी पवना धरणाकडच्या एका गावात सून म्हणून गेली. "मॅडम, उद्या जत्रेत सुनांची कबड्डी आहे. सासूबाई म्हणाल्यात, गावाचं नाव राखलंस तर पुढंही खेळ, नाहीतर बास." मी समाजशास्त्र शिकवते, त्यात आगाऊपणाची सवय. रविवारी सकाळीच स्कूटर काढली.

तळेगावहून जुन्या हायवेने कामशेत. मिसळ तिथेच खाऊन घ्या, पुढे धरणाजवळचे रिसॉर्टवाले दुप्पट घेतात. पवनानगरच्या रस्त्यावर रविवारी पर्यटकांच्या गाड्या अंगावर येतात; वळणावर हॉर्न वाजवायला लाजू नका.

गावात पोचले तर अंतिम सामना लागलेला, आणि समोर नेमकं जयश्रीचं माहेर! त्यांच्या बचावात, कोपऱ्यावर, तिची भावजय. तिला पकडी शिकवल्या होत्या जयश्रीनेच. पहिल्याच चढाईत भावजयीने तिचा घोटा धरला आणि माझ्या मागे कुजबुज सुरू झाली. "मुद्दाम पडली. म्हायेरची वढ, दुसरं काय!"

सासूबाई ताडकन उठल्या. "पडली न्हाई, धरली तिला! डोळं हायत का न्हाई?"

मला राग आला. पुरुष हरला तर डाव चुकला. बाई हरली की तिचं मन कुठं होतं याची चौकशी. वर्गात हे शिकवायला मला तासभर लागतो.

शेवटची चढाई, गुण बरोबरीत. जयश्री भावजयीवरच गेली. हुलकावणी दिली, खांद्याला हात लावला आणि चार जणींना ओढत मध्यरेषेवर पडली. मी घसा बसेपर्यंत ओरडले.

सासूबाई व्याह्यांना म्हणाल्या, "काय पावनं, हरलात की!"

"आमी कुटं हरलो?" जयश्रीचे वडील मिशीत हसले. "घडवलीय आमीच."

मग दोन्ही गावं एकाच पंगतीत आमटी आणि इंद्रायणीचा भात जेवली. मी दोनदा वाढून घेतला.

घरी येऊन महिना झाला. खेळाने समाज बदलतो, असं मी आता जरा जपूनच म्हणते. जयश्रीचा सराव मात्र सुरू आहे. सकाळच्या भाकऱ्या सासूबाई थापतात. धाकट्या मुलासाठी त्या स्थळं बघतायत. पाहुण्यांनी मुलीचं शिक्षण, रंग, उंची सांगायला सुरुवात केली की त्या मध्येच थांबवतात. "ते ऱ्हाऊ द्या. पोरगी कोपऱ्यावर खेळती का?"