महादेवाच्या मंडपातल्या तीन फरश्या

तिकोणा पेठेजवळच्या आमच्या गावात काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आहे. गाभाऱ्याचं दार इतकं बुटकं, की वाकलं तरी डोकं वरच्या दगडाला आपटायचं. गेल्या शिवरात्रीला एका मावशींच्या कपाळाला टाके पडले, तेव्हा गावानं दार उंच करायचं ठरवलं. काम माझ्याकडे आलं. मी गावातली पहिली इंजिनिअर. सोमाटण्याला एका ऑफिसात नोकरी करते. माझ्या कॉलेजच्या दिवसांत या गावानं मला खूप सांभाळून घेतलं, म्हणून मन लावून नकाशा काढला. दार साडेसहा फूट, गाभाऱ्याला उजेडासाठी दोन खिडक्या. बैठकीत तो लगेच मंजूर झाला. माझे वडील, अप्पा, कोपऱ्यात बसून कौतुकानं नुसते हसत होते.

दार फोडायला बोलावलेले म्हातारे पाथरवट मात्र छिन्नीला हात लावेनात.

"इंजिनेर बाई, आत बसून बघितलं का कदी?"

"मापं घेतलीत की, आबा."

"मापं टेपनं घेतली. आता बसा."

मी बसले. बाहेर दुपारचं ऊन होतं, आत काहीच दिसेना. मग पिंडीवरचं पाणी चकाकलं, हळूहळू पिंड दिसली, भिंतीतला एकेक दगड दिसला. लहानपणापासून मी इथे नमस्कार करून लगेच निघत आले होते. उन्हातून मंडपाच्या सावलीत आणि सावलीतून या अंधारात, बांधणाऱ्यानं माणसाचं बाहेरचं जग पावलापावलानं कमी करत आणलं होतं. माझ्या खिडक्यांनी गाभाऱ्याची साधी खोली झाली असती.

"पण डोकी फुटतात त्याचं काय, आबा?"

"दार बुटकं न्हाई, पोरी. जमीन वर आलीया. उंबरा कुटं दिसतोय का?"

खरंच दिसत नव्हता. आमच्याकडे नवस फिटला की लोक मंडपात फरशी बसवतात. आधीच्या घराची उखडली तर त्यांचा अपमान, म्हणून तिच्यावरच नवी. खाली शहाबादी, त्यावर मोझॅक, सगळ्यात वर पांढऱ्या टाइल्स. टाइल्स अप्पांनी बसवल्या होत्या, मला नोकरी लागली तेव्हा.

संध्याकाळी जेवताना सांगून टाकलं. "अप्पा, माझा नकाशा चुकला. दार नाही, फरश्या काढायला हव्यात."

त्यांचा घास हातातच राहिला. "आपली बी?"

"आपली सगळ्यात वर आहे."

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी उभी राहिले. चूक सांगून झाली तोच गावातले एक भाऊ म्हणाले, "आगं, एवडं शिकून बी चुकतीया व्हय?"

लोक हसले. मी खाली बघत होते, तर मागून अप्पांचा आवाज आला. "चुकली म्हून सांगतीया तरी. आपुन तीन येळा चुकलो, तवा कुनी त्वांड उघडलं का? माजी फरशी आदी काडा."

मग बाकीच्या दोन घरांनाही नाही म्हणता येईना.

तीन दिवसांत तिन्ही फरश्या निघाल्या, मंडपाची जमीन फूटभर खाली गेली आणि उंबरा दिसू लागला. दारातून जाताना अजूनही वाकावं लागतं, पण डोकं लागत नाही. शहाबादीखाली दगडात कोरलेलं एक कासव निघालं. आम्ही कुणी ते कधी पाहिलंच नव्हतं. पाथरवट आबा म्हणाले, "कासव पाय आत घेतंय ना, तसं मानसानं हितं मन आत घ्यायचं. मग उंबरा वलांडायचा."

कासवाच्या पाठीवरचं सिमेंट अप्पांनी आठवडाभर बसून काथ्यानं घासून काढलं. हल्ली देवळात कुणी पाहुणा आला की ते त्याला हात धरून कासवापाशी नेतात आणि म्हणतात, "आमच्या पोरीचं काम हाय ह्ये."

मी इथे काहीच बांधलेलं नाही, हे त्यांना दोनदा समजावून पाहिलं. ते ऐकत नाहीत.