थांबाराव आणि हिरवी गाडी

९ नोव्हेंबर, गुरुवार. स्वच्छ ऊन. इस्त्रीचे कपडे आले, उशीचा एक अभ्रा कमी. हिरवी गाडी सकाळी बोगद्याच्या तोंडाशी पुन्हा बंद पडली. जरा वेळाने आपणहून सुरू झाली. मुलगा म्हणतो, आता विकायचीच. थांबारावांना बोलावलं आहे.

निरोप मिळाला तेव्हा थांबारावांनी हातातला चहा तसाच ठेवला. ही बातमी येऊ नये म्हणून गेले कित्येक दिवस ते मनातल्या मनात हात जोडून होते.

त्यांचं खरं नाव बहुधा त्यांनाही आठवावं लागत असेल. कुणी घाईने किल्ली फिरवायला गेलं, कुणी आपलं निदान सांगायला तोंड उघडलं, की त्यांचा काळवंडलेला पंजा वर होई: "थांबा!" बंद गाडी चालू करायला बोलावलेला मेकॅनिकच सगळ्यांना थांबवतो, याची गंमत वाटून लोकांनी नावच पाडलं. स्वभावाने नम्र वगैरे मुळीच नव्हते. "माझ्या कानाला फसवेल असं इंजिन अजून जन्माला यायचंय," असं ते बिनदिक्कत सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरं असे. हा कान घडला वडिलांच्या स्टोव्हदुरुस्तीच्या दुकानात. ज्योत पिवळी झाली हे दिसायच्या आत तिचा आवाज बदलतो, हे तिथे ते लहानपणीच शिकले. गाड्यांमध्ये सारी हयात गेली, तरी बुचाच्या तुकड्यात खोचलेली एक स्टोव्हची पिन त्यांच्या खिशात कायम असे.

हिरवी गाडी म्हणजे त्यांचं लाडकं लेकरू. लांब नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, दोनच माणसांची. घराच्या मालकांनी ती जुनीच घेतली आणि थांबारावांबरोबर खपून उभी केली. मालक गेल्यावर त्यांची बहीण, घरातल्या सगळ्यांची आत्या, ती चालवू लागली. सत्तरी गाठलेली, ताठ कण्याची, तिखट जिभेची बाई. दर रविवारी भावाच्या आठवणीने ती गाडीची एकूण एक चकचकीत वस्तू पॉलिशने घासून काढी.

दुखणं गेल्या काही महिन्यांतलं. घरून निघताना गाडी घोड्यासारखी उधळे. बोगदा आला की आचके देई आणि मान टाके. थांबारावांनी आधी पेट्रोल खेचणाऱ्या पंपातला पडदा बदलला, पुढच्या खेपेला टाकीपासूनची नळीच नवी घातली. दोन्ही वेळा फेरी मारून आणली, छान पळाली. दुसऱ्या खेपेला तर छाती फुगवून सगळ्यांसमोर बोलून बसले, "आता बंद पडली तर मी पुन्हा पान्याला हात लावणार नाही!"

आणि आज ती बंद पडली होती.

"काका, राग मानू नका," मालकांचा मुलगा फाटकाशीच म्हणाला, "पण आत्या बोगद्याच्या आत असती आणि मागून ट्रक आला असता तर?"

थांबारावांनी हत्यारांची पेटी खाली ठेवली. "आजचा दिवस दे," ते म्हणाले. "नाही सापडलं तर गाडी जाऊ दे, आणि माझी हत्यारंही जाऊ देत. दिला शब्द मोडणार नाही."

ते सवयीने गाडीच्या मागच्या अंगाला गेले. त्यांचा शिरस्ता ठरलेला होता: आधी टाकीचं झाकण काढायचं, नाक लावून पेट्रोलचा वास घ्यायचा, झाकण सीटवर ठेवायचं आणि टाकीच्या तोंडात फडकं कोंबायचं. काम संपून फेरी मारून येईतो ते झाकण सीटवरच.

"घ्या, घ्या वास," पायरीवर बसलेली आत्या म्हणाली. "तुम्ही वास घेतलात की बया लगेच शहाण्यासारखी वागते. पंपबिंप राहू दे, रोज येऊन नुसते हुंगून जात जा!"

थांबारावांचा हात झाकणावर होता. तो तिथेच राहिला.

"थांबा," ते पुटपुटले. या वेळी ते स्वतःलाच म्हणाले होते.

"मी कुठे हलतेय?"

"ताई, काय म्हणालात तुम्ही?"

"विनोद केला. तुम्हाला कळला नाही, त्याला मी काय करू?"

झाकणाला हात न लावता ते पुढे आले. एका वेळी एकच गोष्ट, हा त्यांचा नियम. गेल्या दोन खेपांना त्यांनी तो पाळला होता असं त्यांना वाटलं होतं. पण झाकण काढणं ही गोष्ट त्यांनी कधी मोजलीच नव्हती.

त्यांनी पेट्रोलची बाटली बॉनेटखाली उंचावर पक्की बांधली आणि तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडली. टाकी नाही, पंप नाही. मुलाला शेजारी बसवून बोगद्यापार नेली आणि परत आणली. गाडीने हूं की चूं केलं नाही.

"म्हणजे इंजिन ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तिला प्यायलाच मिळत नाही."

मग सगळं होतं तसं जोडलं आणि गाडी अंगणात सुरू ठेवली. थांबाराव टाकीला कान लावून जमिनीवर बसले. आत्याही बोलायची थांबली. वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग इंजिनाचा सूर पातळ झाला, एक आचका, दुसरा, आणि गाडी गप्प.

"आता कुणी हलू नका." त्यांनी झाकण हळूच सैल केलं.

"सूंऽऽ!" टाकीने खोल श्वास ओढला आणि आतून तिचा पत्रा 'टण्ण' करून फुगून जागेवर आला. कान लावायचीही गरज पडली नाही.

"बघ," ते मुलाला म्हणाले, "पेट्रोल गेलं तेवढी हवा आत यायला हवी. येत नव्हती. पंपाने खेचायचं तरी किती? आणि मी दर वेळी आधी झाकण काढायचो, उघड्या टाकीने फेरी मारायचो आणि शाबासकी पंपाला द्यायचो! आजार घालवून मग नाडी बघणारा वैद्य मी."

झाकणाच्या मधोमध हवेसाठी बारीक भोक असतं. थांबारावांनी ते उन्हात धरलं. भोक पांढऱ्या, दगडासारख्या सुकलेल्या लेपाने बुजलेलं होतं. ते काय आहे, हे त्यांना पाहताक्षणी कळलं. त्यांनी झाकण मुठीत घेतलं.

"घाण बसलीय," ते पायरीकडे न पाहता म्हणाले. "बसते कधी कधी."

"दाखवा इकडे." आत्या उठून आली. तिने त्यांची मूठ उघडली, नखाने लेप खरवडला, वास घेतला. "घाण कसली? माझं पॉलिश आहे हे. भावाची गाडी जपता जपता मीच तिचं नाक दाबलं की."

"नाक तुम्ही दाबलंत, पण डॉक्टर मी होतो," थांबाराव म्हणाले. "निम्मं निम्मं वाटून घेऊ." त्यांनी खिशातली स्टोव्हची पिन काढली आणि भोक मोकळं केलं.

"एवढा गाजावाजा, आणि शेवटी स्टोव्हवालेच!" आत्या म्हणाली. तिचे डोळे मात्र ओले होते.

"आम्ही कधी नाही म्हटलं?"

मुलाने आत्याच्या हातात किल्ली दिली.

झाकण घट्ट लावून दोघं निघाली; आत्या चालवायला, थांबाराव मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन शेजारी. वहिनी शेगडीवरचं दूध सोडून फाटकापर्यंत गेल्या. आवाज वळणाआड गेला, बोगद्यात शिरून घुमला, पलीकडे बारीक झाला. मग तो पुन्हा घुमू लागला, मोठा होत होत, एकदाही न अडखळता.

"आता पॉलिश बंद का?" उतरताना आत्याने विचारलं.

"वा! बंद कशाला? करा की. ही पिन तेवढी ठेवा तुमच्याकडे."

हत्यारांची पेटी उचलून ते घरी गेले. जाताना शीळ घालत होते.

त्या संध्याकाळी वहिनींनी सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: गाडी ठीक. विकायची नाही. दुधाचं पातेलं करपलं. भिजत घातलं आहे.