बार्बोरा बोलत होती तेव्हा

बोहुमिल कुद्र्ना नदीकाठच्या वखारीत फळ्या रचायचा आणि रविवारी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. बोहेमियात त्याचे वडीलही वाजवायचे, पण हौसेखातर. शिकागोत या वाद्यानेच त्याला पोटापाण्याला लावलं. एका हिवाळ्यात काम सुटलं, घरात नुसत्या बटाट्यांवर दिवस निघत होते, तेव्हा गुत्त्याचा मालक याखिम त्याला नगरसेवक क्विनलनकडे घेऊन गेला. क्विनलन आयरिश, त्याला यांच्या चेक भाषेचा गंध नव्हता, पण बँड हवा होता. दुसऱ्याच दिवशी बोहुमिल वखारीत लागला. तेव्हापासून क्विनलनची मिरवणूक म्हटली की बँड हजर.

गल्लीत लाकडी घरं एकाला एक खेटून उठत होती आणि बोटीवरून उतरलेली माणसं त्यांत कोंबली जात होती. गटार मात्र उघडंच होतं. ते बांधायचे पैसे दोनदा मंजूर झाले आणि दोन्ही वेळा कुठे मुरले, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी तोंड उघडत नव्हतं, कारण घरटी एक तरी माणूस क्विनलनने कामाला लावलेला.

त्या उन्हाळ्यात त्याच गटारापायी तापाची साथ आली. बोहुमिलच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या बार्बोरा मावशीची दोन्ही मुलं पाठोपाठ गेली. ती विधवा, पिसांच्या उशा शिवून दिवस काढणारी.

निवडणूक तोंडावर आली तेव्हा याखिमने बँडवाल्यांना बोलावलं. "रविवारी चर्चपुढच्या मैदानात सभा आहे. साहेबांच्या नावाने कोणीतरी खडे फोडणार. मी टोपी काढली की सुरू करायचं, आणि थांबायचं नाही."

"बोलणार कोण आहे?" बोहुमिलने विचारलं.

"तुला वाजवायचंय की ऐकायचंय?" याखिम म्हणाला. सगळे हसले. बोहुमिलही हसला.

रविवारी बोलण्यासाठी उभ्या केलेल्या गाडीवर चढली ती बार्बोरा. कामाचाच झगा, त्याला पिसं चिकटलेली. तिने "बायांनो," एवढंच म्हटलं आणि याखिमची टोपी निघाली. बोहुमिलने तिला पाहिलं होतं. नीट पाहिलं होतं. तरी त्याने श्वास भरला आणि पोल्का नाचाची धून सुरू केली. ती थांबली, पुन्हा बोलू लागली. ढोलवाल्याने जोर वाढवला. तिचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. दोन पोरी फेर धरून नाचू लागल्या, तसे मागचे लोक हसले. मग ती खाली उतरली.

घरी तेरेझाने त्याच्यापुढे ताट सरकवलं, पण स्वतः बसली नाही.

"मावशी काय म्हणत होती?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत? तुझंच ऐकू येत होतं."

तो जिना चढून गेला. बार्बोराने त्याला स्टूल दिलं आणि शिवण चालूच ठेवली.

"मावशी, तुम्ही बोलणार हे मला ठाऊक नव्हतं."

"दुसरं कोणी असतं तर चाललं असतं?"

टोपी हातात चुरगाळत तो खाली आला.

मतदानाच्या दिवशी मतपेटीशी याखिम उभा होता. त्याने दिलेली मताची चिठ्ठी बोहुमिलने घडी न उलगडता आत टाकली. याखिमने त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप घेऊन तो वखारीत गेला आणि दिवसभर फळ्या रचत राहिला.

क्विनलन निवडून आला. बोहुमिलला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बारशांना, लग्नांना बोलावणी येतच राहिली. लोकांनीही त्या दिवशी बार्बोराचं ऐकून घेतलं नव्हतंच. पण राजकारणाच्या मिरवणुकीला त्याने पुन्हा कधी वाद्य उचललं नाही. कारण विचारलं तर दात दुखतो म्हणायचा. खरं सांगायची छाती तेव्हाही झाली नाही.

वसंतात बार्बोरा भावाकडे नेब्रास्काला निघाली. तिच्या गाद्या बोहुमिलनेच खाली आणून घोडागाडीत रचल्या. "देव तुझं भलं करो," ती म्हणाली, अगदी साधेपणाने. त्याला मान वर करवेना. सभेत ती काय सांगणार होती, हे विचारायचं त्याच्या मनात होतं, पण घोडा चालू लागला.