रिकामं दिसणारं पार्टिशन

किन्हवलीच्या घरात, ओटीवरच्या टेबलाशी बसून मी दूरच्या शहरातला सर्व्हर सांभाळते. एकाच मोठ्या यंत्राचे आभासी भाग पाडलेले, त्यांना आम्ही पार्टिशन म्हणतो. मेमरी याच्याकडून काढायची, त्याला द्यायची, तेही यंत्र चालू असताना. माउस लागत नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की झालं. या कामात मला कुणी शिकवायला आलं तर माझं डोकं फिरतं.

त्या जुलैत नव्या साहेबांनी बजावलं होतं, तुमच्याकडून काम एकदा जरी बंद पडलं तर घरून काम बंद, रोज ऑफिसला या. किन्हवलीहून रोज जमणं शक्य नव्हतं. शहरात खोली घ्यावी लागली असती आणि आई इथे एकटी राहिली असती. हे मला नको होतं, अजिबात नको होतं.

दुपारी तीनच्या सुमारास एका पार्टिशनला मेमरी कमी पडू लागली. शेजारचं पार्टिशन सुस्त पडलेलं, त्यावर लॉगिन कुणाचं नाही. त्याची निम्मी मेमरी काढायची कमांड मी लिहिली. बोट एंटरवर होतं.

आई शेतावरून आली होती, चिखलाचे पाय धुऊन दारात उभी. "काय करतेस गो?"

"एकाचं काढून दुसऱ्याला देते."

"ज्याचं काढतेस त्याला इचारलंस?"

"तिथे कुणी नाहीये, आई."

"वरच्या खाचरात पण कोण नसतं. तरी आमी पानी घ्यायला बांध फोडायच्या आधी त्याच्या मालकाच्या घरी जाऊन येतो. त्याची लावणी कधी हाय, आपल्याला काय ठाव?"

मला राग आला. सर्व्हरमधलं हिला काय कळतं? पण एंटर काही दाबवेना. शेवटी चरफडत ते पार्टिशन वापरणाऱ्या माणसाला फोन लावला.

"हात लावू नका," तो म्हणाला. "चार वाजता सगळ्या लॅबचे रिपोर्ट त्यावरच तयार होतात. तेवढा एक तास त्याला सगळी मेमरी लागते."

मग मी तिसऱ्या पार्टिशनच्या बाईंना विचारलं. त्यांनी खुशाल घ्या म्हटलं. कमांड बदलली, एंटर दाबलं, दोन मिनिटांत सगळं सुरळीत. चारला रिपोर्टही वेळेवर निघाले. साहेबांनी कळवलं, छान सांभाळलंत, घरूनच करत राहा. ती शाबासकी मी सगळी स्वतःकडे घेतली. आईचं नाव सांगायला लाज वाटली, आणि त्या लाजेचीच आता जास्त लाज वाटते.

संध्याकाळी भाकऱ्या थापणाऱ्या आईला म्हटलं, "तुझ्यामुळे आज मी इथे राहिले."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "नाय जात ना आता? मग उद्या सुट्टी टाक आणि लावणीला ये. मला माणूस कमी पडतंय."

"मला विचारलंस का?" मी म्हटलं.

"इचारतेय ना," आई म्हणाली.

मी सुट्टीचा अर्ज टाकला.