कमनानची पिल्लं आणि थाविनकाका

थाविनकाकांच्या घमेल्यावर झाकलेलं वर्तमानपत्र मी उचललं आणि मोबाईलवर फोटो काढला. फ्लॅश चालू होता हे मला नंतर कळलं, कमनानला आधी. घमेल्यात बुडबुड्यांचं घरटं होतं आणि त्यात दोनशेएक अंडी. बिथरलेल्या बापाने ती एकेक करून गिळून टाकली. संध्याकाळी काकांनी डोकावलं तेव्हा नुसता फेस उरला होता. माशाने अंडी पोटात घातली. काकांनी माझा अपराध काही घातला नाही.

"नोप, तुझ्या घरी पाळणा हलेल तेव्हा मीही येईन, बॅटरी घेऊन," ते म्हणाले.

कमनान म्हणजे आमच्याकडचे सरपंच. पण हा कमनान फायटर मासा होता, देशाच्या झेंड्यासारखा लाल, पांढरा आणि निळा. दिवसभर तोंडातून बुडबुडे काढतो म्हणून काकांनी त्याला हे नाव दिलं. खऱ्या कमनानांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या नाखोन पाथोमच्या कालव्याकाठी दर तिसऱ्या घरामागे फायटर पाळतात, दारूच्या चपट्या बाटल्यांत, ओळीने. दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठा लागतो, नाहीतर शेजारी दिसला की मासा काचेवर तोंड आपटून घेतो. माणसांच्या घरांमध्ये असे पुठ्ठे नाहीत, हीच आमच्या गावाची अडचण. तर, तिन्ही रंग जागच्या जागी असलेला नर एकट्या काकांकडे होता आणि तो म्हातारा झाला होता. पंख विरलेले, चाल मंदावलेली. फार तर आणखी एकदा जोडी लागली असती. तीही फुकट गेली की वीस वर्षं राखलेला वाण बुडाला.

काका पूर्वी दक्षिणेकडे मालाचा ट्रक न्यायचे. आता घमेल्याशेजारी स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बापपण शिकवतात. "मादी अंडी घालून मोकळी. पुढचं सगळं बापाचं. खाली पडलेलं अंडं तोंडात धरायचं, परत घरट्यात चिकटवायचं, बुडबुडा फुटला की नवा लावायचा. पिल्लं पोहेपर्यंत अन्न नाही, झोप नाही. बाप असावा तर असा."

"असला बाप कुठे मिळतो ते विचार त्यांना," लामाईकाकू उखळात कच्ची पपई कुटता कुटता म्हणायच्या. "मला चार मुलं झाली तेव्हा बाजारात आला नव्हता."

चारही वेळा काका कुठे होते याची चार वेगवेगळी उत्तरं मिळतात. एकदा तर थोरल्या कन्निकाला शाळेतून आणायला गेले आणि भलत्याच कुणाची मुलगी घेऊन आले. गणवेश सारखाच होता, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

कमनानची दुसऱ्यांदा जोडी लागली. वाळलेल्या बदामाच्या पानाखाली त्याने घरटं केलं, अंडी पडली, काकांनी मादीला बाहेर काढलं आणि मला बजावलं की दहा हात लांब राहायचं. त्याच दुपारी कन्निका आली, कडेवर सात महिन्यांचा मू. कारखान्यात तीन दिवस जादा पाळी लागली होती.

"आई कुठाय?"

"विहारात गेलीय. पुतण्या भिक्षू होतोय, गावजेवणाचा स्वयंपाक आहे. तीन दिवस तिकडेच."

"मग तुम्ही सांभाळा, बाबा. दूध पिशवीत आहे." आणि ती मोटारसायकल वळवून गेलीसुद्धा.

काकांनी मूकडे पाहिलं. "काय कुरूप कार्टं आहे," ते म्हणाले. आमच्याकडे तान्ह्या मुलाला छान म्हटलं की भुतं उचलून नेतात, म्हणून सगळे असंच बोलतात. पण नातवाबद्दल काकांनी उच्चारलेला हा पहिलाच शब्द होता.

मूने भोकाड पसरलं आणि टाचा आपटायला लागला. ओसरी लाकडी फळ्यांची. घमेल्यातलं पाणी थरथरलं. कमनान घरटं सोडून कल्ले फुगवत गरागरा फिरायला लागला. काकांचा चेहरा उतरला.

"नोप, याला घे."

"माझ्या हातात आता काही द्यायचं नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

मग काकांनी त्याला उचललं, भाताचं पोतं धरावं तसं, आणि कालव्याकडेने चालायला लागले. पोरगं चालतं ठेवलं की गप्प, थांबलं की सुरू. तीन दिवस काका चालत होते. घमेल्यापाशी मला बसवणं भागच पडलं. त्याआधी त्यांनी माझा मोबाईल काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला.

"थाविन, पोर कुणाचं पळवलंस?" पलीकडच्या सांगियमआजीने हटकलं.

"माझा नातू आहे."

"मग तर नवलच."

दुसऱ्या दिवशी अंडी फुटली. घरट्याखाली दोऱ्याच्या तुकड्यांसारखी पिल्लं शेपट्या खाली सोडून लोंबकळत होती. एखादं सुटून तळाशी जायचं, कमनान खाली झेप घ्यायचा, तोंडात धरून वर आणायचा, थुंकल्यासारखं फेसात ठेवायचा. तिसऱ्या दुपारी तो दमला. पिल्लं पडत होती आणि हा कोपऱ्यात नुसता कल्ले हलवत पडलेला. मी काकांना हाक मारली. त्यांनी घमेल्यात पाहिलं आणि मूला खांद्यावर टाकून तडक वळणावरच्या झाडाकडे गेले. त्या झाडात एक आई राहते, नवसाला पावणारी. बुंध्याला रंगीत कापडं गुंडाळलेली आहेत, आणि तिला नाच फार आवडतो.

परत येईपर्यंत कमनान कोपऱ्यातून हलला होता. सावकाश का होईना, पुन्हा तोंड भरून वर जात होता. सकाळी पिल्लं आडवी होऊन पोहायला लागली, नजरेत मावणार नाहीत इतकी. काकांनी कमनानला अलगद बरणीत घेतलं, कारण पोरं पोहायला लागली की हाच आदर्श बाप त्यांना खायला कमी करत नाही.

एवढ्यात काकू आल्या. मू काकांच्या खांद्यावर झोपला होता.

"चार पोरांत एकदाही कुणाला उचललं नाहीत," काकू म्हणाल्या. "माशासाठी उचललंत." त्यांनी मूला घेतलं. मू जागा झाला आणि काकांकडे हात करून किंचाळायला लागला. काकूंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि परत देऊन टाकलं. "घ्या. आता कुठली सुटका."

"नवस काय बोललात?" मी विचारलं.

"पिल्लं पोहली तर आईपुढे तासभर नाच. कपडे, बाजूबंद, सगळं लेवून."

"कोण नाचणार? तुम्ही?"

"तू. नाव-गाव सांगून आलोय."

"नवस तुम्ही बोललात, काका."

"आणि आधीची अंडी कुणामुळे गेली?"

निवाड्यासाठी सांगियमआजीला बोलावलं. ज्याने तोंड उघडलं त्यानेच नाचायचं, आई दुसऱ्याचे पाय चालवून घेत नाही, असं तिने सांगितलं. काका म्हणाले, गुडघे धरलेत. त्याच गुडघ्यांनी तीन दिवस कालव्याच्या कडेने चालले होते, हे आजीने त्यांना ऐकवलं.

पिल्लं आता डासांच्या अळ्या खातात. कन्निका रविवारी येते, आणि काका मूला घेऊन फिरायला निघतात. आईच्या झाडाच्या वळणावर आलं की ते पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतात आणि कालव्याकडे बघत पुढे होतात. मी सोबत असलो तर मोबाईल काढून तयार राहतो. नाच अजून झालेला नाही.