आजीची ओळ

आमच्या विहारातला स्पीकर सांभाळणाऱ्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. साखर कारखान्यातली पाळी संपवून परस्पर येतात, कपड्यांना मळीचा वास असतो, आणि खाली टेकताना दर वेळी "चला, झालं" म्हणतात.

सामुदायिक वंदनेच्या रेकॉर्डिंगवरून आमच्यात दोन तट होते. म्हाताऱ्यांना जुनी, संथ हवी. पोरांना नवी, कीबोर्डवाली. दर रविवारी तेच भांडण. ऐकून ऐकून जीव विटला होता. काकांना विचारलं, तर म्हणाले, "दोनी चांगल्याच हायत. मानसं दमायलेत, ते बघा."

शेवटी नवी ठरली. ती लय पळायची. मागं भिंतीला टेकून बसणाऱ्या आजीची ओळ अर्ध्यातच राहायची. मग काका प्रत्येक ओळीनंतर मोबाइलवर बोट ठेवून रेकॉर्डिंग थांबवू लागले. आजीचं म्हणून झालं की पुढं सोडायचे.

पोरं वैतागली. "काका, ताल तुटायलाय."

"तुटू दे. आजीचं व्हायचंय."

उन्हाळ्यात आजी गेल्या. काका अजूनही प्रत्येक ओळीला तेवढंच थांबतात. तेवढा वेळ विहारात कुणाचाच आवाज नसतो, आणि पुढं सोडा असं पोरंही म्हणत नाहीत.