डाव्या सीटवरचा माणूस

विरारला फुलपाड्याच्या रस्त्यावर गाड्यांचं सामान विकणारा एकजण आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मोबाइलचा होल्डर मागितला, तर त्याने आधी माल दाखवलाच नाही. चपला बाहेर काढून तो माझ्या गाडीत डाव्या सीटवर येऊन बसला, माझा फोन घेतला आणि हात लांबवून डॅशबोर्डवर एकेका जागी धरू लागला.

"इथं दिसतंय, शेठ? मान वळवावी लागते? मग इथं?"

त्या सीटवर दोन वर्षांत कुणी बसलं नव्हतं. त्याआधी धाकटा भाऊ बसायचा, असाच फोन धरून मला रस्ता सांगायचा. नालासोपाऱ्याचा आमचा गाळा त्याने गुपचूप स्वतःच्या नावावर करून घेतला, तेव्हापासून बोलणं बंद आहे. चूक त्याचीच होती, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

"आजवर कोण धरायचं?" दुकानदाराने विचारलं.

"तुला काय करायचंय? भाव बोल!"

तो चिडला नाही. "काचेला चिकटवायचा नका घेऊ, उन्हात सुटतो. हा एसीच्या जाळीला आवळायचा घ्या. पण शेठ, हा फक्त फोन धरतो. डुलकी लागली तर हाक नाही मारत."

मी हट्टाने घासाघीस करून त्याला निम्म्यावर आणलं. होल्डर चांगला निघाला, चंदनसारच्या खड्ड्यांतही हलत नाही. फोन आता सारखा डोळ्यांसमोर असतो. भावाचा येत नाही, हेही त्यामुळे सारखं दिसतं.